भाऱ्याला हात

फाटकाजवळच्या दगडावर पिवळा बाण डावीकडे होता. मथुराबाई उजवीकडे वळली.

"आजी, फेरी इकडून आहे," अर्पिता म्हणाली. "बाण बघ ना."

"पाह्यला. इकून गेलं तं फाटकाशी येते का नाही?"

"येते."

"मंग चाल."

केळापूरच्या मागच्या टेकड्यांवर ही फिरायची वाट यंदाच आखली होती. गवताचा माळ आणि सागाचं रान, आणि गोल फिरून पुन्हा फाटकाशी. अर्पिताला पुण्यात सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायची सवय. उद्या ती आजीला पुण्याला घेऊन जाणार होती, कायमची. काल रात्री आजीच म्हणाली होती, जायच्या आधी एकदा ती नवी वाट पाहून येऊ. अर्पिता खूश झाली होती. आजीच्या पिशवीत विळा आहे, हे तिला चढावर कळलं.

गवत कमरेइतकं होतं, वाळलेलं. कुसळं अर्पिताच्या मोज्यांत घुसत होती. ती काढायला ती थांबायची, तोवर मथुराबाई लुगडं वर खोचून पुढे गेलेली असायची.

माळ संपून साग सुरू होतो तिथे एक मोहाचं झाड आहे. मथुराबाईनं त्याच्या सावलीत पिशवी ठेवली आणि गवत कापायला बसली.

"आजी, हे कशाला? गाई तर विकल्या."

"तू बस. दम खा."

भारा मोठा झाला. मथुराबाईनं तो दोरानं आवळला, जुन्या फडक्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, आणि भाऱ्याशेजारी नुसती बसून राहिली.

"मी उचलून देऊ?"

"हात लावू नको."

"मग कोण उचलणार?"

"हंसा येईल आता. ते बाणाच्या बाजूनं येते रोज, तिच्या गाईच्या गवताले. आपन बाणानं आलो असतो तं तिच्या मांगं मांगं चाललो असतो. पाठीसंग काय बोलनार?"

हंसाबाई तिची धाकटी जाऊ. संघदीपच्या, म्हणजे हंसाबाईच्या मुलाच्या लग्नात पंगतीवरून काही झालं आणि दोघींचं बोलणं तुटलं. मथुराबाई दारात गेली की हंसाबाई आत निघून जाई. कालही गेली. पण रानात भारा बांधून बसलेल्या बाईला टाळून कोणी पुढे जात नाही. मोठा भारा एकटीला डोक्यावर घेता येत नाही. वाटेनं येणारी हात लावते, मग ती ओळखीची असो की वैरीण.

हंसाबाई सागातून वर आली. हातात विळा, खांद्यावर दोर. तिनं भारा पाहिला, मथुराबाईला पाहिलं, आणि अर्पितापाशी जाऊन थांबली.

"जय भीम, पोरी. कधी आली?"

"जय भीम, हंसाआजी. परवा आले."

"तुह्या आजीले विचार, गोठा रिकामा झाला, हा भारा कोनाले नेते?"

अर्पितानं आजीकडे पाहिलं. आजी दोराची गाठ चाचपत होती.

"आन् हेबी विचार, एवढी जवान नात जवळ असून वाटंनं येनारीची वाट काहून पाह्यते?"

"नातीले येत नाही म्हना," मथुराबाई अर्पितालाच म्हणाली.

"मला येतं," अर्पिता म्हणाली.

"चूप बस."

हंसाबाईच्या ओठाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. तिनं विळा खाली ठेवला. दोघींनी दोन बाजूंनी भारा धरला आणि एका दमात उचलला. तो मथुराबाईच्या डोक्यावर बसला. हंसाबाईनं तो किंचित डावीकडे सरकवला, मथुराबाईला लागतो तसा. मग विळा उचलून ती न बोलता गवतात शिरली.

रीत पुरी झाली होती.

मथुराबाई भारा घेऊन उभी राहिली. डोक्यावर ओझं असल्यानं तिला मागे वळून बघताही येईना. मागून विळ्याचा आवाज येत होता. खस्स, खस्स.

"चल ना आजी," अर्पिता हळूच म्हणाली. "जड असेल."

मथुराबाई थोडी पुढे गेली. थांबली. मग तिनं मान कलती केली आणि भारा खाली टाकून दिला. कुसळं उडाली.

विळ्याचा आवाज थांबला.

"पाडला काहून वं?" हंसाबाईनं विचारलं. या वेळी अर्पिताला नाही.

"तुहा कोन उचलन?" मथुराबाई भाऱ्यावर बसली. "काप तू. मी हाय इथंच."

हंसाबाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहत राहिली. पदरानं तोंड पुसलं.

"आन् उद्यापासून कोन उचलन?"

अर्पिता मोज्यातलं एक कुसळ काढत होती, ते निघत नव्हतं. मथुराबाई उठली, पिशवीतला विळा काढला आणि जावेच्या शेजारी जाऊन कापायला वाकली.

"बुडातून काप वं," हंसाबाई म्हणाली. "गाय माही हाय."