मतदानाच्या वेळचा चहा

मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारं विधेयक मतदानाला आलं, तेव्हा संस्कृती बगलेत मारून फिरणाऱ्या पक्षाचे आमदार तात्या कॅन्टीनमध्ये चहा पीत बसले. “विरोध केला तर बाया बिथरतात, पाठिंबा दिला तर भाऊबंद. चहाचा राग कोणालाच येत नाही,” मिशांवर ताव देत त्यांनी लेकीला, द्रौपदाला, शिकवलं. त्यांची भाषणं तीच लिहायची. आज धुळ्याच्या बैठकीत वारस म्हणून त्यांनी पुढे केला तो मात्र ठोंब्या पुतण्या. “मंजूर असेल त्यांनी हात वर करा!” तेवढ्यात द्रौपदा किटली घेऊन दारात आली. “चहा झाला, या.” तात्यांना दुखवायचं नाही, पुतण्याला निवडायचं नाही, सगळे कार्यकर्ते चहाला बाहेर पडले. पाठोपाठ पुतण्याही. रिकाम्या सतरंजीसमोर तात्यांचाच हात वर राहिला. “बेटी, हाई काय शे?” “चहा शे, तात्या. नुसता चहा.”