वाचलं ते ठरलं

समजा, तुमच्या हातात एक स्टीलचा डबा आहे. त्यात घडी घातलेल्या चार चिठ्ठ्या आहेत. समोर आई, बाबा आणि दादा बसले आहेत आणि तिघंही तुमच्या तोंडाकडे बघताहेत. डबा उघडायचा आहे तुम्हाला. उघडाल लगेच?

मुंगीही उघडत नव्हती.

मुंगी अकरा वर्षांची. एका जागी कधी टिकत नाही म्हणून घरात तिला सगळे मुंगीच म्हणत. आज मात्र ती खुर्चीला चिकटवल्यासारखी बसली होती.

"अगं, उघड की," बाबा म्हणाले. "डबा आहे, तिजोरी नाही."

"तिला घाई करू नका हो," आई म्हणाली.

या घरात मोठे निर्णय चिठ्ठीने होत. पूर्वी चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उघडत. मग एकदा आईने पसंत केलेल्या पडद्यांविरुद्ध मत कुणी दिलं ते अक्षरावरून कळलं आणि बाबांना आठवडाभर आपला चहा आपणच करून घ्यावा लागला. तेव्हापासून नियम झाला. घरातल्या सर्वांत लहान माणसाने चिठ्ठ्या उघडायच्या, मोठ्याने वाचायच्या आणि मागच्या गॅलरीत नेऊन फाडून टाकायच्या. दुसऱ्या कुणी बघायचं नाही. वाचलं ते ठरलं. मांजर पाळायचं नाही, हे असंच ठरलं होतं. मुंगीने ते नाक ओढत ओढत का होईना, जसं लिहिलं होतं तसं वाचलं होतं.

आजचा प्रश्न दादाचा होता.

दादा नुकताच इंजिनियर झाला होता. बाबा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. दादाला लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीतच नोकरी चालून आली होती. कारखाना बसने चार थांब्यांवर. दुपारी जेवायला घरी येता येईल इतका जवळ. आणि त्याच आठवड्यात दुसरं पत्र आलं. फायनान्समधलं पदव्युत्तर शिक्षण, दोन वर्षांचं, शिष्यवृत्तीसकट. पण ते विद्यापीठ रेल्वेने दीड दिवसाच्या वाटेवर होतं. दोन्हीकडे उद्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"तुझं तूच का नाही ठरवत?" मुंगीने त्याला विचारलं होतं.

"मी गेलो तर एकटा मीच जाणार आहे का?" दादा म्हणाला होता. "तुमच्याही घरातून एक माणूस जाणार. मग मत चौघांचं नको?"

संध्याकाळी खिडकीशी बसून दादा तिला गणित शिकवायचा. गेल्या आठवड्यात अपूर्णांक चालले होते, तर मध्येच म्हणाला, "मुंगे, पंप कसा बनवायचा ते मला चार वर्षं शिकवलं. पण शंभर गावं पंप मागतात आणि पैसे तीनच पंपांचे असतात. मग कोणते तीन? ते कुणी शिकवलंच नाही बघ." एवढं बोलून तो अपूर्णांक विसरला आणि तिच्या वहीच्या मागच्या पानांवर काहीबाही आकडे मांडत बसला. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

दादा गेला तर ही खिडकी आणि अपूर्णांक एकट्या मुंगीच्या वाट्याला येणार होते. सकाळी दात घासता घासताच तिने ठरवून टाकलं होतं. चिठ्ठीत काहीही असो, आपण 'नोकरी' वाचायचं. कोण बघायला येतंय?

"माझं काय," आई कुणीही न विचारता म्हणाली. "तो जिथे सुखात, तिथे मी सुखात."

"माझंही तेच," बाबा म्हणाले. "वर गेलेली लिफ्ट खाली येतेच. नाही आली तर मला बोलवा."

मुंगीने झाकण काढलं. एकेक करून चारही चिठ्ठ्या उघडल्या, पत्ते धरावेत तशा छातीशी धरल्या आणि बराच वेळ बघत राहिली.

"लागत नाहीये का अक्षर?" दादाने विचारलं.

"लागतंय," मुंगी म्हणाली. तिने घसा साफ केला. "शिक्षण."

दादा खुर्चीत पुढे सरकला.

"शिक्षण."

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"नोकरी."

आई आपली नखं बघू लागली. बाबांचा चष्मा पुसून संपेना. दादाचे कान लाल झाले.

"शिक्षण," मुंगीने शेवटची वाचली. "तीन विरुद्ध एक."

"ते एक मत कुणाचं, ते विचारायचं नाही हं," बाबा घाईघाईने म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"कोण विचारतंय?" आईही तितक्याच घाईने म्हणाली.

दादा तिघांकडे आळीपाळीने बघत होता. "म्हणजे तुम्हाला खरंच मी जायला हवा आहे?"

"तुझी खोली मोकळी होईल," बाबा म्हणाले. "कधीपासून माझा डोळा आहे तिच्यावर."

दादा हसला. कितीतरी दिवसांनी तो असा मोकळा हसला होता. मग घरात एकच धांदल उडाली. आईने कपाटावरची मोठी बॅग काढायला लावली. तिची चेन अडकते की नाही यावर बाप-लेकांचा वाद सुरू झाला. दादाने फॉर्म भरायला घेतला तेव्हा त्याला पेन सापडेना. ते त्याच्याच कानामागे होतं.

मुंगी नियमाप्रमाणे चिठ्ठ्या घेऊन गॅलरीत आली आणि तिने दार ओढून घेतलं. कचऱ्याच्या डब्यापाशी उभी राहून तिने त्या पुन्हा एकदा बघितल्या. चारही चिठ्ठ्यांवर 'नोकरी' असंच लिहिलेलं होतं. फक्त दादाच्या अक्षरातल्या चिठ्ठीवर आधी 'शिक्षण' लिहून मग ते खोडलेलं होतं. मुंगीने ती आधी फाडली, मग बाकीच्या तीन.