हरणापुरती गोळी

होक्काइडोच्या डोंगरात शिकारीला निघालेल्या कुसाकाबेनं हरणासाठी हलकी काडतुसं मागितली, तर दुकानदार शिझुए आजींनी अस्वलाच्या जाड काडतुसांचा डबा पुढे सरकवला.

"आजी, मला हरीण खायचंय, त्याच्या चिंध्या नाही करायच्या," तो हसला. "आणि तिकडे अस्वल आहेच कुठे? या हंगामात सहा हरणं मारली, एकदाही दिसलं नाही."

"आतडी तिथंच टाकून येतोस ना?"

"दुसऱ्या दिवशी तीही चाटूनपुसून साफ. कोल्हे असतील."

आजींनी डबा मागे घेतला नाही. त्यानं हलकीच काडतुसं नेली.

सकाळी एकाच गोळीत सातवं हरीण कोसळलं.



आवाज दरीत घुमला, आणि कुसाकाबेच्या पाठीमागच्या बांबूच्या झुडपात अस्वल नेहमीसारखं जेवायला उठलं.