चौथी टोपली

पहिली टोपली

लांबून फेकलेली प्लास्टिकची चकती खांबावरच्या साखळ्यांवर आपटली, की छन्न आवाज होऊन खालच्या टोपलीत पडे. त्या आवाजासाठी प्रमिलाताई दोन वर्षं रोज सकाळी बागेत येत होत्या आणि चकती फेकून फेकून त्यांचा आखडलेला हात आता कानापर्यंत वर जात होता. सोमवारी बागेच्या समितीने तिथल्या तीन टोपल्यांपैकी ही पहिली काढली. तिथे सेल्फी पॉइंट होणार होता.

दुसरी टोपली

ती मंगळवारी गेली. समितीचे अध्यक्ष दांडेकर हसत म्हणाले, "वहिनी, या वयात ताटल्या कसल्या फेकता? घरात भांडण झालंय का?"

"घरात फेकता आल्या असत्या, तर इथे कशाला आले असते?"

तिसरी टोपली

बुधवारी टोपलीबरोबर तिचा खांबही कापला. शेजारी पाटी लागली: 'चेंडू खेळण्यास सक्त मनाई.'

"भावजी, ही चकती आहे."

"मनाई म्हणजे मनाई."

खांबाचा कमरेएवढा खुंट तेवढा उरला.

चौथी टोपली

गुरुवारी त्या खुंटावर प्रमिलाताईंची धुण्याची टोपली तारेने बांधलेली होती. साखळ्या नव्हत्या, म्हणून वर आडव्या काठीला घरातल्या सगळ्या जुन्या किल्ल्या लोंबत होत्या.

"काढा हे! हे समितीचं नाही."

"म्हणूनच समितीने हात लावायचा नाही."

दांडेकर हात पसरून टोपलीसमोर उभे राहिले. प्रमिलाताई वीस पावलं मागे गेल्या आणि त्यांनी खांदा फिरवला.

"सरका भावजी. माझा नेम अजून कच्चा आहे."

चकती सुटली तसे दांडेकर टुणकन बाजूला झाले.

नेम मुळीच कच्चा नव्हता. किल्ल्या छन्न वाजल्या.