खुराड्याचं दार

सैन्याने सोडून दिलेला कॅन्ससमधला तो लाकडी किल्ला आता स्मारक झाला होता. पाहुण्यांना तो दाखवताना म्हातारी व्हर्ना रोज ठसक्यात सांगायची, "चोरट्यांनी गाड्या भरभरून लाकूड नेलं. कप्तानसाहेबाच्या घराचं दारसुद्धा सोडलं नाही मेल्यांनी. चोराचं नाव कळू दे, इथेच फलकावर लावीन."

एके दिवशी त्या दाराचा जुना फोटो सापडला. तिने तो कौतुकाने नवऱ्याला दाखवला.

ऑर्विलने चष्मा पुसला. "अगं, तुझ्या आजोबांनी खुराड्याला लावलेलं दार मी रोज उघडतो. त्यावर हीच चांदणी कोरलीय. फलक रंगवायला घेऊ का?"

दुसऱ्या दिवशी व्हर्ना पाहुण्यांना हळू आवाजात म्हणाली,

"सैनिक गेल्यावर इथल्या लोकांनी किल्ल्याची एकेक वस्तू मायेने जपून ठेवली हो."