आत्ताच्या मापाचं खोगीर

खोगीरं बनवणाऱ्या रशीदचाचांनी टिळ्या नावाच्या शिंगराच्या पाठीवरून तळहात फिरवला आणि ते हसले.

"ओंकार, अरे हा तर अजून बच्चा हाय. याला खोगीर कशाला?"

ओंकार नागावहून टिळ्याला चालवत चौलला घेऊन आला होता. मागून स्कूटरवर त्याची बायको सोनल आणि मुलगी राही आल्या होत्या. राही अकरा वर्षांची. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, हातातली बांगडी पार कोपरापर्यंत चढत होती. तिच्या रक्ताच्या आजारावर मुंबईत होते नव्हते ते सगळे उपचार झाले होते. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी ओंकार आणि सोनलला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच राहू दे, तिला आवडेल ते करा. राहीपाशी कुणी हे बोललं नव्हतं. काय पाहिजे म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "टिळ्यावर बसायचंय."

ओंकार किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचा. टिळ्याची आई त्याला जन्म देऊन मेली, तेव्हा राहीनेच त्याला बाटलीने दूध पाजून जगवलं. त्याच्या पाठीवर अजून कुणी बसलं नव्हतं.

"तरी पण बघा ना," ओंकार म्हणाला. "एखादं बसत असलं तर."

चाचांनी आतून एक जुनं खोगीर आणून ठेवलं. टिळ्याने दोन पावलं टाकली तसं ते मागे घसरलं. दुसरं आणलं. ते रुतून बसलं, पण चाचांनी खाली हात घालून पाहिला आणि लगेच काढून घेतलं. "खांद्याला चावतंय. चार दिवसांत जखम होईल." तिसऱ्याचं लाकूड थेट कण्यावर टेकत होतं. मग त्यांनी जाड तार घेऊन टिळ्याच्या खांद्यांवर वाकवली, तो बाक पुठ्ठ्यावर उतरवला, आणि पुठ्ठा ओंकारसमोर धरला.

"हे बघ. आज माप घेतलं, तर दिवाळीला ते छोटं पडेल. याची हाडं कच्ची हायत. दोन पावसाळे जाऊ दे, मग ये. असं खोगीर बनवून देतो, की पोरीच्या लग्नापर्यंत टिकेल."

ओंकारने मान खाली घातली. सोनल स्कूटरचा आरसा ओढणीने पुसायला लागली.

"एवढं टिकाऊ नको, चाचा," राही म्हणाली. "आत्ताच्या मापाचंच द्या."

सोनलचा हात आरशावर थांबला. तिने ओंकारकडे पाहिलं, ओंकारने तिच्याकडे. राहीला हे कुणी सांगितलं, याचं उत्तर दोघांनाही एकमेकांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

राही मात्र चाचांकडेच बघत होती. "त्याला दुखणार असंल तर नको हां. मग मी नुसती बाजूनं चालेन."

चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग पुढे होऊन त्यांनी राहीला दोन्ही हातांनी उचललं आणि कामाच्या फळीवर बसवलं. उचलताना त्यांनी जोर लावला होता. तो सगळा वाया गेला, इतकी ती हलकी होती.

"नाय दुखणार, बेटा," ते म्हणाले. "तुझ्यानं काय दुखतंय त्याला!"

लाकूड त्यांनी घेतलंच नाही. जाड कांबळं कापून दोन लांब उशा शिवल्या, मधे कण्यासाठी मोकळी वाट ठेवली, वरून मऊ कातडं ओढलं. सोनल सुईत दोरा ओवून देत होती. एकदा तिला दोरा दिसेना, तेव्हा चाचांनी सुई तिच्या हातातून हळूच काढून घेतली आणि स्वतः ओवली. दुपार कलेपर्यंत शिवणकाम चाललं होतं. राही टिळ्याच्या कानामागे खाजवत काहीतरी पुटपुटत होती. तो कान मागे वळवून ऐकत होता.

नवं खोगीर चढवलं. चाचांनी पोटाखालून तंगाचा पट्टा आवळला, खाली बोटं सरकवून पाहिली, सैल केला, परत पाहिलं. ओंकारने राहीला वर बसवलं. टिळ्या थरथरला, एक पाय आपटला, मग उभा राहिला. राहीने त्याच्या आयाळीत दोन्ही हात खुपसले. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती हसत होती.

"चाचा, बसलं ना बरोबर?"

"एकदम बरोबर, बेटा."

ओंकारने चाचांकडे बघून खिशात हात घातला. त्यांनी नुसती नको म्हणून मान हलवली आणि ते आत निघून गेले.

ते वाडीमधल्या वाटेने नागावकडे निघाले. सोनल स्कूटर हातानेच ढकलत मागून येत होती. ओंकार लगाम धरून पुढे. दर थोड्या अंतरावर तो मागे वळून बघायचा. पडत नाही ना, दमली नाही ना.

"बाबा," राही म्हणाली, "सारखं मागं नका बघू. तुम्ही थांबलात की तो पण थांबतो. पुढं बघून चाला."

त्यानंतर ओंकारने मागे पाहिलं नाही. सुपारीच्या सावल्या वाटेवर लांब झाल्या होत्या. मागून टापांचा आवाज येत होता, एकसारखा, हलका. पाठीवर कुणीच नसल्यासारखा टिळ्या चालत होता.