डाव्या गालाची सावली

हातभर कापडातून टियार्कला मिळणार होती ती फक्त खिडकीकडच्या डाव्या गालापुरती सावली. त्याच्या ट्रकसाठी बायकोनं, विब्केनं, हौसेनं पिवळा पडदा शिवला. हॅम्बुर्गच्या रस्त्यावर पोलिसानं पहिल्याच दिवशी तो उतरवायला लावला.

“काका, हा काय दिवाणखाना आहे? काचेवर ऊन अडवणारी फिल्म लावायची, तरी डॉक्टरची चिठ्ठी लागते.”

टियार्क चिठ्ठी मागायला गेला, तर डॉक्टर हसले. “कातडी ठणठणीत आहे तुमची. चिठ्ठी आजाऱ्याला मिळते.”

“म्हणजे आधी आजारी पडून दाखवा!” चहात खडीसाखर टाकत टियार्क बायकोला म्हणाला. दोघं पोट धरून हसली.

नऊ वर्षांनी चिठ्ठी न मागता मिळाली. तोवर गालावरचा कर्करोग मानेत उतरला होता.



शवपेटी मिटण्याआधी विब्केनं तो पिवळा पडदा त्याच्या डाव्या गालावर पांघरला. या वेळी कुणीच हरकत घेतली नाही.